वळताना चाक कुठं बघतं?

तुळजापूरचा घाट उतरताना गाडीच्या पुढच्या बाजूनं ‘हुंऽऽ’ असा आवाज यायला लागला. सरळ रस्त्यावर बारीक, डाव्या वळणावर मोठा आणि उजव्या वळणावर जवळजवळ गायब. सोलापुरात आल्यावर होटगी रोडच्या मेस्त्रीनं बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, “डावीकडं वळवल्यावर वाजतंय न्हवं मालक? मग उजवं बेअरिंग गेलंय बघा.”

डावीकडं वळलं की उजवं का बोंबलतं, याचा हिशेब सोपा आहे. 1000 किलोची गाडी 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 च्या वेगानं घातली, तर तिला आत वळवायला सुमारे 420 किलो वजनाइतका जोर लागतो. (पुस्तकात न्यूटन असतात, आपण किलोतच बोलू.) हा जोर रस्ता देतो, म्हणजे तो लागतो टायरच्या तळाला. गाडीचं वजन मात्र जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटर उंचावर एकवटलेलं. त्यामुळे गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि साधारण 160 किलो भार आतल्या चाकांवरून उठून बाहेरच्या चाकांवर जातो. आधी दोन्ही बाजूंना 500-500 असलेले आता 340 आणि 660 होतात. वळण डावं असेल तर ते 660 उजवीकडं.

वेग 40 चा 60 केला तर? जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. आता 940 किलोच्या वर लागतील. साधा टायर कोरड्या डांबरावर गाडीच्या वजनाच्या 80-90 टक्क्यांपर्यंत धरतो. म्हणजे ही गाडी त्या वळणावरून जाणारच नाही. बरं, टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. बाहेरचं चाक जेवढं कमावतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं. टपावर सामानाचा डोंगर रचून घाटात जोरात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आता खरी गंमत. वळणावर चाकाचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दिशेला ते जात नाही! दोन्हींत दोन-चार अंशांचा फरक राहतो, आणि टायर न घसरताही तो राहतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत गेला असाल तर हे अंगानं कळलेलं असेल. तोंड सरळ रस्त्याकडं, पण गर्दीचा रेटा एका बाजूनं. पाय घसरत नाही, तरी प्रत्येक पाऊल थोडं बाजूला पडतं आणि बघता बघता माणूस रस्त्याच्या कडेला पोचतो. टायरचं रबर तसंच चालतं. रबराचा तुकडा रस्त्याला टेकतो तेव्हा सरळ असतो, मग तळव्याएवढ्या त्या जागेत पुढून मागं जाईपर्यंत बाजूला ताणला जातो आणि मागच्या टोकाला सुटतो. त्या ताणातूनच गाडी वळवणारा जोर येतो. ताण मागच्या अंगाला जास्त असल्यामुळे जोर चाकाच्या मध्याच्या जरा मागं लागतो आणि चाकाला सरळ करू बघतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप फिरतं, त्यात याचाही वाटा आहे. वळणाच्या ऐन मध्यात स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर पुढच्या टायरच्या टेकलेल्या जागेतलं मागच्या टोकाचं रबर घसरायला लागलंय असं समजावं. हल्लीच्या लोण्यासारख्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हा निरोप नीट पोचत नाही, ही माझी जुनी तक्रार.

रबराचं हे झालं. धातूचे हाल निराळे. आपल्या उदाहरणात बाहेरच्या पुढच्या चाकाला रस्ता सुमारे 140 किलोनं आत ढकलतो, तेही हबपासून (चाक जिथं बसतं त्या मधल्या भागापासून) 30 सेंटीमीटर खाली. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला 40 किलो टांगावेत तसा हा बाक. शिवाय चाक फिरतंय! रिमचा जो दांडा खाली असताना एका बाजूला वाकतो, तोच वर गेल्यावर उलट वाकतो, सेकंदाला जवळजवळ सहा वेळा. तार पुढं-मागं वाकवून तोडतो, ती हीच युक्ती. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस असाच थकून मोडला आणि मोठा रेल्वे अपघात झाला. पुढं जर्मनीत व्होलर या रेल्वे इंजिनिअरनं आस फिरवून फिरवून धातूचा थकवा मोजला. आजही नवं रिम बाजारात येण्याआधी यंत्रावर तसंच लाखो वेळा वाकवून तपासतात. म्हणून खड्ड्यात तडकलेलं मॅग व्हील (अलॉयचं रिम) वेल्डिंग करून मी तरी पुढं लावणार नाही.

मेस्त्रीनं नवं बेअरिंग दाबून बसवलं, चाक चढवलं आणि नट आवळले. शेजारचे नाहीत, समोरासमोरचे. तसं केलं की रिम हबवर सपाट बसतं. वळणाचा भार खरं तर रिम आणि हबच्या एकमेकांना टेकलेल्या तोंडांमधलं घर्षण पेलतं, नट-बोल्टनी फक्त घट्ट आवळून धरायचं.

“तुळजापूरला जाऊन आलात की परत दाखवा,” तो पाना पुसत म्हणाला, “एकदा नट बघून देतो.” जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर.