रंकाळा आणि खण: एका शब्दाची पार्श्वभूमी

कोल्हापूरचा रंकाळा तलाव समजून घ्यायचा तर आधी ‘खण’ हा शब्द पक्का करावा लागतो. दगड काढून झाल्यावर मागे राहिलेला, पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे खण. तळ्याचा काठ उतरता असतो, माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहू शकतो. खणीला काठ नसतो, कडा असते. पहिल्याच पावलाला पाणी डोक्यावर जाते. कोल्हापूरचा सगळा पश्चिम भाग काळ्या दगडावर बसलेला आहे आणि शहर बांधायला हा दगड पिढ्यान् पिढ्या इथूनच काढला गेला.

परंपरा सांगते ती गोष्ट अशी: रंकाळाही मुळात खणच. आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला, जमीन खचली, भूगर्भातले पाणी वर आले आणि खणीचे तळे झाले. नाव रंकभैरवावरून पडले. त्याचे देऊळ पाण्याखाली आहे म्हणतात. काठावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, तो पाण्याला टेकला की प्रलय, ही कथा प्रत्येक कोल्हापूरकर लहानपणी ऐकतो. यातले किती खरे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तळ्यातला जुना दगडी संध्यामठ मात्र डोळ्यांना दिसतो. पाणी उतरले की एप्रिल-मेमध्ये त्याचे दगडी खांब उघडे पडतात, पावसाळ्यात तो बुडतो. फक्त तोच पाहायचा असेल तर उन्हाळ्यातच यावे.

संस्थानकाळाबद्दल थोडक्यात सांगायचे तर पिण्याच्या पाण्यासाठी शहराने रंकाळ्यावर भिस्त ठेवली नाही. त्यासाठी कळंबा तलाव होता, आणि तिथले पाणी शहरातल्या ‘पाण्याचा खजिना’ या ठिकाणी येई. रंकाळा राहिला धुण्यापोहण्याचा आणि फिरण्याचा. ‘धुण्याची चावी’ हे ठिकाणाचे नाव त्याच काळाची खूण. पश्चिम काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ दरम्यान बांधला गेला. गावातली इतर तळी मात्र एकेक करून मुजवली गेली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई आली, रावणेश्वरावर स्टेडियम. तळे मुजले तरी जमिनीचा उतार बदलत नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचते, ते त्यामुळेच. रंकाळा टिकला, कारण तो मुजवण्याच्या पलीकडचा मोठा होता. आजही फेरी मारायची तर चार किलोमीटरच्या आसपास चालावे लागते.

खरी अडचण उपनगरे वाढल्यावर सुरू झाली. रंकाळ्याला बारमाही नदी मिळत नाही. येते ते पावसाचे आणि नाल्यांचे पाणी. शाम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक वसाहत आणि परताळा या बाजूंनी मैला तळ्यात उतरू लागला. सांडपाण्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन म्हणजे केंदाळ (जलपर्णी) आणि शेवाळाला खतच. केंदाळ यंत्राने काढता येते, पण कामात महिन्याभराचा खंड पडला तरी ते पुन्हा पसरते. नील-हरित शेवाळ काढताही येत नाही. ते रंगासारखे पाण्यावर तरंगते, मेल्यावर कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. यावरचा उपाय एकच: नाले अडवून सांडपाणी दुधाळीच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवणे. ते काम झाले तेवढे झाले. मोठ्या पावसात वाहिनी तुंबली की तेच पाणी परत तळ्यात शिरते, आणि सुशोभीकरणाच्या दिव्यांवर जेवढे लक्ष जाते तेवढे या वाहिनीवर जात नाही, हे मनाला लागते.

पण सगळ्यात मोठा वाद विसर्जनाचा. पंचगंगा नदी आणि रंकाळा वाचवायचे म्हणून गेल्या काही वर्षांत गणेशमूर्ती शेजारच्या इराणी खणीकडे वळवल्या गेल्या. खणीला पायऱ्या नाहीत, कडा उभी. म्हणून मोठ्या मूर्ती क्रेननेच सोडाव्या लागतात आणि तालीम मंडळांच्या रांगा पहाटेपर्यंत चालतात. शाडूची मूर्ती काही तासांत विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. ते मुळात जिप्सम. अगदी हळूहळू विरघळते, पाण्यात सल्फेट वाढवते. तळाशी प्राणवायू नसला की त्या सल्फेटपासून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नदीत हे पुढे वाहून जाते. खणीतून ते जाणार कुठे? गाळ आणि सांगाडे बाहेर काढले तरच ते कमी होते.

इथे शब्दाचा गुंता होतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतात त्यांचे विसर्जन परवानगीशिवाय नको असे बजावले. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदातच सोडायच्या असे ठरले. मग खण कशात मोडते? माणसाने खोदली म्हणून कृत्रिम, की पावसाने आणि झऱ्यांनी भरते म्हणून नैसर्गिक? कृत्रिम धरली तर मूर्ती सोडण्यास आडकाठी उरत नाही. नैसर्गिक धरली तर रंकाळ्याला मिळते तेच संरक्षण तिला द्यावे लागते. खोदल्यामुळे खण कृत्रिम ठरत असेल, तर परंपरेने खणच असलेला रंकाळाही कृत्रिमच ठरतो, आणि हे कोणीच मान्य करणार नाही. म्हणून मोजमाप खोदकामावर न ठेवता पाणी बदलते की साचून राहते यावर ठेवावे. त्या कसोटीवर इराणी खण रंकाळ्याहून नाजूक आहे.

यायचे असेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबर हे दिवस बघावेत. मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा किरणोत्सव तेव्हा असतो. पहिल्या दिवशी चरण, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग किंवा आड आलेल्या इमारतीने तो हुकतोही. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघावी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्यापुढे तळे पाहायला वाट मिळेलच असे नाही. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली होता.