काथ्याचं पिंप आणि निकेलची धुवणी: बसवण्यापूर्वी वाचा

निकेलचा बाथ, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं द्रावण, कोणी फेकत नाही, तो महागाचा. निकेल बाहेर जातं ते प्लेटिंगनंतरच्या धुवणीतून, थोडं थोडं. नारळाच्या सोडणाचा भुसा आणि तोकडा काथ्या भरलेलं आमचं पिंप त्या धुवणीसाठीच आहे. त्यात बाथ ओतलात तर भुसा पहिल्याच दिवशी संपला म्हणून समजा.

भुशातल्या लिग्निन या लाकडी घटकावरचे आम्लगट निकेल धरून ठेवतात. पाणी आम्लधर्मी असलं तर त्याच जागा आम्ल अडवतं. म्हणून आत जाणाऱ्या पाण्याचा पीएच 5.5 ते 6 ठेवा. तो वाढवायला धुण्याचा सोडा घ्या. चुना नको, त्यातलं कॅल्शियम निकेलशी जागेसाठी भांडतं. खाडीलगतच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातही हीच अडचण येते.

200 लिटरच्या पिंपात 12 किलो कोरडा माल बसतो, भिजल्यावर थर साधारण 120 लिटरचा होतो. पाणी खालून वर, मिनिटाला 4 लिटर सोडा. वरून सोडलं की भुसा दबतो आणि पाणी कडेकडेने पळतं. किलोमागे 5 ग्रॅम निकेल धरा. प्रयोगशाळेतले मोठे आकडे स्वच्छ द्रावणावरचे असतात, त्यावर हिशेब करू नका. म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम निकेल असेल तर 3,000 लिटरला एक पिंप भरतं.

दोन पिंपं एकामागे एक जोडा. पहिल्याच्या तोटीचं पाणी रोज परीक्षानळीत घ्या, थोडा अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायऑक्झाइमचे थेंब टाका. गुलाबी झालं की निकेल निसटतंय. पहिलं काढा, दुसरं पुढे घ्या, नवं मागे लावा.

नव्या भुशातून चहाच्या रंगाचं पाणी येतं. ते टॅनिन. रंग फिका होईपर्यंत साध्या पाण्याने धुवा, पण ते पाणी नाल्यात न सोडता ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या संयंत्रात) घ्या. पिंप आठवडाभर बंद राहणार असेल तर निथळून ठेवा, नाहीतर आत कुजून वास मारतो.

सायनाइडची धुवणी यात अजिबात नको: सायनाइडने बांधलेला धातू भुशावर बसत नाही, आणि आम्ल लागलं तर जीवघेणा वायू सुटतो. हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमची धुवणीही वेगळी ठेवा, त्याला पीएच 2 च्या आसपास लागतो.

नाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम निकेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात कमी असेल तर तीच धरा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.02, तेव्हा हे पाणी पिण्याचं नव्हे.

भरलेला भुसा घातक कचरा आहे. माडाच्या आळ्यात किंवा चुलीत टाकू नका. निथळून पिशवीत बांधा, पावसाळ्यात छपराखाली ठेवा आणि तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे पाठवा.