सिम्युलेटरसाठी डीसीएसचा बॅकअप देण्यापूर्वी

साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांसाठी आम्ही बॉयलर व टर्बाइनचे प्रशिक्षण सिम्युलेटर तयार करतो. लॉजिकची (नियंत्रणाच्या नियमांची) ड्रॉइंग दिलेली असताना डीसीएसचा, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण प्रणालीचा, ताजा बॅकअप कशाला हवा, असे आम्हाला वारंवार विचारले जाते, आणि तो हाती येईपर्यंत आम्ही काम सुरू करत नाही ही काहींना अडवणूक वाटते.

ड्रॉइंग कमिशनिंगच्या (प्लांट प्रथम सुरू करण्याच्या) वेळची असतात. पुढच्या गळीत हंगामांत कुठे ट्रिपचा (आपोआप बंद होण्याचा) टायमर वाढवला जातो, कुठे लूपचा गेन (नियंत्रण किती जोराने प्रतिसाद देते ते प्रमाण) बदलतो, तर कुठे नादुरुस्त ट्रान्समीटरचा (मोजमाप पाठवणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल फोर्स करून, म्हणजे हाताने ठरावीक किमतीवर अडकवून, ठेवलेला असतो. ऐन हंगामात हे करावे लागते, पण त्याची नोंद ड्रॉइंगवर चढत नाही. समजा, ड्रम लेव्हलची (बॉयलरच्या ड्रममधील पाण्याच्या पातळीची) लो-लो ट्रिप तीनपैकी कोणतेही दोन ट्रान्समीटर फार खाली गेले की होते, आणि त्या तिघांतील एक नॉर्मलवर फोर्स केलेला आहे. अशा वेळी उरलेले दोन्ही ट्रान्समीटर खाली गेल्याशिवाय बॉयलर ट्रिप होणारच नाही. जुन्या ड्रॉइंगवरून केलेल्या सिम्युलेटरवर मात्र तो वेळेत ट्रिप होताना दिसतो आणि ऑपरेटर त्याच भरवशावर राहायला शिकतो. हा फरक शेवटच्या चाचणीत उघड झाला, तर लॉजिक पुन्हा बसवण्यात ऑफ सीझनचे आठवडे जातात. ऑपरेटर प्रशिक्षणासाठी मोकळे असतात ते नेमके तेव्हाच.

तेव्हा बॅकअप काढण्यापूर्वी कंट्रोलरमधील चालू लॉजिक व इंजिनिअरिंग स्टेशनवरील प्रत जुळते का, ते पाहावे. ऑनलाइन केलेले बदल सेव्ह झालेले नसतील, तर आजच्या तारखेचा बॅकअपही जुनाच ठरतो. फोर्स केलेल्या सिग्नलची यादी सोबत जोडावी.

या अचूकतेचा खरा उपयोग ग्रिड जाते तेव्हाच्या सरावात होतो. टर्बाइनचा लोड एकदम उतरतो, पण ग्रेटवरचे (भट्टीच्या जाळीवरचे) बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतच राहते; ड्रमचे प्रेशर वाढते, पाण्यातील वाफेचे बुडबुडे आकसतात आणि लेव्हल घसरलेली दिसते. घाबरून फीड वॉटर वाढवले, तर काही वेळाने तीच लेव्हल फार वर जाते आणि वाफेबरोबर पाणी सुपरहीटरकडे (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांकडे) ओढले जाण्याचा धोका निर्माण होतो. येथे हात आवरायचा असतो, आणि ते चालू बॉयलरवर शिकवता येत नाही.

सिम्युलेटरवर जमलेले गेन मात्र थेट प्लांटमध्ये टाकू नयेत. ओले बगॅस आले की आग मंदावते, आणि असे बदल सिम्युलेटरवर हुबेहूब उतरत नाहीत, म्हणून अंतिम ट्यूनिंग प्लांटवरच करावे.

बॅकअप काढण्यास अडचण असल्यास आमचा इंजिनिअर येऊन आपल्या इन्स्ट्रुमेंट विभागासमोर तो काढून देतो; त्याचे वेगळे शुल्क नाही. दर ऑफ सीझनला नवा बॅकअप जुन्याशी ताडून सिम्युलेटर अद्ययावत करण्याची वार्षिक सेवाही उपलब्ध आहे. त्यासाठी हंगाम संपण्यापूर्वी कळवावे.