इन्नू म्हणजे इन्युइट नव्हेत

कॅनडातील ‘इन्नू’ ही ‘इन्युइट’ या आर्क्टिक प्रदेशातील मूळनिवासी लोकांचीच एक शाखा आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. दोन्ही नावांतील साम्य केवळ योगायोगाचे आहे.

पूर्व क्वेबेक आणि लॅब्राडोर येथील आपल्या परंपरागत भूमीला इन्नू ‘नितासिनान’ म्हणतात. युरोपीयांनी त्यांना ‘माँतान्ये’ आणि ‘नास्कापी’ अशी नावे दिली होती, त्यामुळे जुन्या ग्रंथांत ते याच नावांनी भेटतात. त्यांची इन्नू-एमुन ही भाषा अल्गाँक्वियन कुळातील असून क्री भाषेची निकटची नातलग आहे. इन्युइटांची इनुक्टिटुट मात्र एस्किमो-अल्यूत या सर्वस्वी वेगळ्या कुळात मोडते. इन्नू-एमुनमध्ये नामांचे वर्गीकरण स्त्री-पुरुष असे नसून सजीव-निर्जीव असे होते, आणि क्रियापदाचे रूपही त्यानुसार बदलते. इनुक्टिटुटमध्ये असा भेदच नाही.

जीवनपद्धतीही निराळी होती. इन्नू हे प्रामुख्याने अंतर्भागातील अरण्यांत कॅरिबूची (उत्तर अमेरिकेतील रेनडियरची) शिकार करणारे, तंबूत राहणारे लोक. सील आणि व्हेल यांवर उपजीविका करणारा किनारी समाज इन्युइटांचा. (बर्फाचे इग्लू इन्नूंच्या माथी मारणे तर निव्वळ आळस होय.)

लॅब्राडोरमध्ये दोन्ही समाज शेजारी असल्याने गोंधळ वाढतो, हे खरे. शेशात्शिऊ आणि नातुआशिश ही इन्नूंची गावे, तर नेन हे इन्युइटांचे. कॅनडाच्या 1982 च्या राज्यघटना कायद्यात इन्युइटांचा स्वतंत्र उल्लेख आहे. इन्नूंची गणना मात्र ‘फर्स्ट नेशन्स’मध्ये, म्हणजे इन्युइटांहून वेगळ्या मानल्या जाणाऱ्या मूळनिवासी समाजांमध्ये होते.