शाळेच्या भिंतीवरचा मनोरा: पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या बोलक्या भिंतीवर पाढ्यांशेजारी आकड्यांचा मनोरा रंगवलेला असतो. वर १, खाली ११ चा वर्ग १२१, मग १११ चा १२३२१, आणि तळाशी नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१. पोट्टे तो दोन्हीकडून वाचून दाखवतात. मोठी माणसं गंमत म्हणून सोडून देतात. पण ही गंमत हजार वर्षांहून जुनी आहे.

इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. आरंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती केली आहे. (याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२चा ताम्रपट देवळीलाच सापडला, त्यामुळे हा इतिहास इथे फार परका नाही.) गुणाकाराच्या प्रकरणात ते २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगतात. उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजे भिंतीवरची सहावी ओळ. १२३४५६७९ गुणिले ९ हेही तिथेच आहे; उत्तरात नऊ एक येतात. अशा उत्तरांना ते राजाच्या गळ्यातले हार म्हणतात. गणिताच्या पुस्तकात इतकी हौस मला तरी फार आवडते.

पुढे विसाव्या शतकात द. रा. कापरेकरांनी हे आकडे हाती घेतले. ते नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. आमच्या देवळीशी गल्लत नको. ही कल्पना त्यांना डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर सुचली, म्हणून या संख्या ‘डेमलो संख्या’. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. भिंतीवरची शेवटची संख्या हर्षदही आहे: अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हा भागाकारही पूर्ण वर्ग आहे, महावीराचार्यांच्या त्याच १२३४५६७९ चा.

मनोरा उभा राहतो तो हातचा नसल्यामुळे. पाटीवर १११ ला १११ ने गुणा. तीन ओळी येतात, तिन्ही १११, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज १, २, ३, २, १. कुठेच दहा होत नाहीत, म्हणून अंक जसेच्या तसे खाली उतरतात. नऊ एकांपर्यंत हे चालतं. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडच्या नवात जातो, त्याचे दहा होतात, तो हातचा आठात जाऊन आठाचे नऊ करतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला. १२३४५६७९ मध्येही आठ नाही, आणि तिथेही तो याच हातच्याने खाल्लेला आहे.