डोंगरउतारावरचं घर: नकाशा आधी उभा काढा

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत दादाने घर बांधायचं ठरवलं, तेव्हा हातात आलेला पहिला नकाशा छान दिसत होता. १२ मीटर लांब, पुढून मागे ९ मीटर खोल, मधोमध हॉल आणि सगळ्या खोल्या एकाच पातळीवर. जागा मात्र पश्चिमेकडे उतरत जाते, आणि त्या कागदावर उताराचा मागमूस नव्हता.

मग गवंडीकाकांनी पारदर्शक नळी आणली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक त्यांनी वरच्या आंब्यापाशी धरलं, दुसरं मी खाली गडग्यापाशी, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणापाशी. नळीच्या दोन्ही तोंडांवर हवेचा दाब सारखाच, त्यामुळे मधली जमीन कशीही असली तरी पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढीच काळजी. टप्प्याटप्प्याने मोजत गेलो आणि हिशेब निघाला: १५ मीटर अंतरात जमीन ३ मीटर उतरते. म्हणजे एकास पाच.

हा आकडा कळल्यावर नकाशाकडे पाहण्याची नजरच बदलते. घर ९ मीटर खोल, मागेपुढे वावरायला तीन-तीन मीटर, म्हणजे १५ मीटर सपाटी हवी. ती मिळवायची तर मागच्या बाजूला ३ मीटर डोंगर कापायचा, नाहीतर मागे दीड मीटर कापून ती माती पुढे दीड मीटर भरायची. जेसीबीला दोन्ही सोपं. पण कापलेल्या जागेचं पुढे काय होतं, ते समजून घेतल्याशिवाय यंत्र आणू नये असं मला मनापासून वाटतं.

कापलेली माती मोकळी सोडली तर ढासळू पाहते. तिला धरायला संरक्षक भिंत लागते. या भिंतीवर येणारा मातीचा रेटा उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण खाली जावं तसा दाबही वाढतो आणि दाब झेलणारी भिंतही. साधारण भुसभुशीत, कोरडी माती आणि वर सपाट जमीन धरली, तर ३ मीटर उंच भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे २.७ टन रेटा येतो. भिंत १ मीटर असेल तर तोच रेटा नवव्या हिश्श्यावर, ३०० किलोंवर येतो. भिंत उलथवणारा जोर तर उंचीच्या घनाने वाढतो, म्हणजे तो सत्ताविसाव्या हिश्श्यावर उतरतो. भिंतीमागे पुन्हा चढ असेल, तर हे सगळे आकडे वाढतात.

आणि हा झाला कोरड्या मातीचा हिशेब. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी भराभर आत घेतो. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर असतो, तिथे ते पाणी अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं वाहू लागतं. वाटेत भिंत आली की तिच्यामागे साठतं. ३ मीटर भिंतीमागे काठोकाठ पाणी साठलं, तर एकट्या पाण्याचा रेटा मीटरमागे साडेचार टनांच्या आसपास जातो. त्यात भिजलेल्या मातीचा मिळवला की कोरड्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त होतो. शिवाय मातीच्या कणांमधलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यांच्यातलं घर्षण कमी होतं, आणि वर्षानुवर्षं उभा असलेला उतार एका रात्रीत खाली येतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथला डोंगर कुणाच्या घराच्या खोदाईने आला असं मला मुळीच म्हणायचं नाही. अतिवृष्टीत भिजलेला उतार किती नाजूक होतो, एवढंच ध्यानात ठेवायचं.

म्हणूनच कोकणातला गडगा मला फार शहाणा वाटतो. चिरे आणि दगड नुसते रचलेले, चुना नाही, सिमेंट नाही. पाणी फटींतून निघून जातं, मागे साठतच नाही. आज आपण काँक्रीटची भिंत घालतो तेव्हा हेच काम मुद्दाम करावं लागतं: भिंतीमागे खडीचा थर, तळाशी भोकं पाडलेला पाइप, भिंतीत ठरावीक अंतरावर निचऱ्याची भोकं. खर्च कमी करताना आधी हीच वगळली जातात, आणि ते फार महागात पडतं.

तर दुसरा नकाशा आम्ही आडवा काढलाच नाही. आधी उभा छेद काढला: घर सुरीने वरून खाली कापलं तर जमीन कशी दिसेल, तो. लगेच कळलं की घराची लांबी समोच्च रेषेला धरून ठेवली पाहिजे, म्हणजे जमीन जिथे एकाच उंचीवर राहते त्या दिशेने. घर १५ मीटर लांब आणि ७.२ मीटर खोल केलं. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहिलं. मग त्या ७.२ मीटरचे दोन पट्टे केले, ३.६ मीटरचे, आणि त्यांच्यात पाऊण मीटरचा फरक ठेवला. १५ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या. मागचं परसू धरूनही कापणी आता १ मीटरच्या आसपास आली.

आमचं जुनं घर असंच आहे, हे तेव्हा लक्षात आलं. खळ्यातून पडवीत चढायचं, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात. लहानपणी त्या पायऱ्यांवर बसून आम्ही फणसाचे गरे खाल्ले. त्या घराची जोती जमिनीच्या उतारासोबत चढत गेली आहेत, ते आता छेद काढल्यावर दिसलं.

पण पाच पायऱ्याही आईला नकोत. तिच्या गुडघ्यांना त्रास आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उतार धरतात, म्हणजे पाऊण मीटर चढायला ९ मीटर लांब उतरंड. घरात एवढी जागा कुठून आणायची? म्हणून तिसऱ्या नकाशात खोल्यांची अदलाबदल केली. रस्ता वरच्या अंगाने येतो, तर मुख्य दारही तिथेच. आईची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, जेवायची जागा हे सगळं वरच्या पट्ट्यात. हॉल आणि मुलांची खोली खाली. गाडीतून उतरल्यापासून निजेपर्यंत आईला एकही पायरी लागत नाही. वहिनीची एकच अट होती, स्वयंपाकघरातून मागील दारी थेट जाता आलं पाहिजे. ती याच मांडणीत सहज बसली.

सांडपाणीही सोपं झालं, वरून खाली वाहतं. टाकी घराच्या खालच्या अंगाला आणि विहीर वर. जांभ्यातून पाणी झिरपतं, त्यामुळे विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान २० मीटर अंतर ठेवलं. आणि पुढच्या भागात जो थोडा भराव आला, त्यावर एकही पाया टेकवला नाही. भराव पुढे काही वर्षं बसत राहतो, सगळीकडे सारखा बसत नाही, आणि मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. पाये भराव ओलांडून मूळ जमिनीपर्यंत न्यायचे.

एक भांडण मात्र उरलं, उताराचं आणि उन्हाचं. लांब बाजू समोच्च रेषेला धरून ठेवली की ती पश्चिमेकडे तोंड करते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पावणेपाचच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून जवळपास ३० अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा तेव्हा भिंतीवर जेमतेम ३५ सेंटिमीटर सावली टाकतो. २.४ मीटर खोल पडवीची सावली १.४ मीटर उतरते, आणि पडवीचं छप्पर २.१ मीटरवर आणलं की भिंतीचा जमिनीलगतचा पाऊण मीटर भागच उन्हात राहतो. जुन्या पडव्यांत डोकं वाकवून का शिरावं लागतं, त्याचं एक उत्तर या भूमितीत आहे. पडवी आली, आणि दोन पट्ट्यांच्या छपरांमध्ये जी उंचीची फट पडते तिथे झरोके ठेवले. गरम हवा तिथून निघून जाईल.

नकाशा संपला असं वाटलं होतं. तरी काम दिवाळीनंतरच काढायचं ठरवून, जूनमध्ये आम्ही घराच्या चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधून ठेवली. पाऊस सुरू झाल्यावर दादा रोज छत्री घेऊन पाहायला जायचा. जुलैच्या मध्यावर दक्षिणेकडच्या कोपऱ्यात, नेमकं आईच्या खोलीच्या जागी, पाऊस उघडल्यावरही दोन दिवस जमिनीतून पाणी पाझरत होतं. उन्हाळ्यात तिथे काहीही दिसलं नव्हतं.

चौथ्या नकाशात घर समोच्च रेषेवरूनच ४ मीटर उत्तरेला सरकलं. ती ओली जागा मोकळी सोडली आहे, वरच्या बाजूने चर काढून. आईने तिथे अळू लावायला सांगितलंय.