शेवाळाखाली पिकणारं लोखंड

कुसात्सुच्या गरम पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवला, तर आठ-दहा दिवसांत तो झिजून सुईसारखा बारीक होतो. याच डोंगराच्या दुसऱ्या कुशीतून येणारं, असंच आंबट पाणी मात्र लोखंड खात नाही, तयार करतं. थोडंथोडकं नाही. एके काळी त्या लोखंडावर खाण चालली, आणि ते वाहून नेण्यासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला. जपानला जाणारा पर्यटक कुसात्सुत आंघोळ करतो, फोटो काढतो आणि परततो. गावामागच्या पायवाटांवर एक-दोन दिवस काढले, तर खिळा खाणारं पाणी लोखंड देणारं कसं होतं, हे डोळ्यांनी बघता येतं.

कुसात्सु हे गुन्मा प्रांतातलं, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवरचं डोंगरी गाव. गावाच्या मधोमध युबाताके आहे. शब्दाचा अर्थ ‘गरम पाण्याचं शेत’. इथून मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी उसळतं आणि लाकडी पन्हळींतून वाहत वाहत थोडं निवतं. पन्हळींच्या तळाशी गंधकाचा पिवळसर साका बसतो. तो खरवडून काढतात आणि विकतात. पाणी निववण्यासाठी त्यात थंड पाणी ओतायचं नाही, म्हणून बायका सहा फुटी फळ्यांनी ते घुसळतात. १८७६ साली जपानला आलेल्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरने या पाण्याचं इतकं कौतुक केलं की गावाने पुढे त्याचा पुतळा उभारला. एवढं सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. मला बोलायचंय ते या पाण्याच्या आंबटपणाबद्दल.

युबाताकेच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, २ च्या आसपास आहे. हा आकडा जितका कमी, तितकं पाणी जास्त आंबट. लिंबाच्या रसाचाही साधारण तेवढाच असतो. फरक असा की लिंबात सायट्रिक आम्ल असतं आणि इथे सल्फ्युरिक व हायड्रोक्लोरिक. गावाच्या डोक्यावर कुसात्सु-शिराने हा जिवंत ज्वालामुखी आहे. खोल शिलारसातून सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू वर येतात. पावसाचं आणि बर्फाचं मुरलेलं पाणी त्यांना वाटेत भेटतं, वायू त्यात विरघळतात आणि आम्ल तयार होतं. डोंगरमाथ्यावरच्या युगामा या विवरातल्या तळ्याचा सामू तर १ च्या जवळ आहे. वरून ते तळं इतकं सुंदर निळसर-हिरवं दिसतं की त्यात हात घालू नये हे मनाला पटत नाही.

आपल्याकडचे गरम झरे वेगळ्या जातीचे. उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूरचं उन्हाळे किंवा वज्रेश्वरी, कुठलंही कुंड घ्या. सह्याद्रीचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झाला. कोकणातलं पाणी जमिनीतल्या भेगांमधून खोल जातं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्याला ज्वालामुखीचे वायू भेटत नाहीत. म्हणून ते आंबट नसतं, उलट बऱ्याच ठिकाणी किंचित अल्कधर्मी असतं. कोकणच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या माणसाला कुसात्सुच्या पाण्याचा डंख नवा वाटतो. अंगावर बारीकसा ओरखडा असेल, तर तो नेमका कुठे आहे हे हे पाणी लगेच सांगतं.

चालायला सुरुवात सायनोकावारापासून करावी. युबाताकेपासून दहा-पंधरा मिनिटांवर हे उघडं, दगडधोंड्यांचं खोरं आहे. जमिनीतून जागोजागी गरम पाणी झिरपतं आणि त्याचा वाफाळता ओढा होतो. थोडं वाकून बघितलं की ओढ्यातले दगड गडद हिरवे दिसतात. पाणी आंबट, वर कढत, आणि तरी त्यात हिरवळ! हे सायनिडियमसारखं एकपेशीय शैवाल. रंग हिरवा-निळा असला तरी त्याचं कूळ लाल शैवालांचं. पन्नास अंशांच्या पुढेही ते टिकतं. पाणी जिथे फार कढत आहे तिथे दगड उघडे पडलेले असतात, जरा निवलं की हिरवी कडा सुरू होते. ती कडा निसर्गाने आखलेला तापमापकच आहे. पर्यटक तिच्यावरून बिनधास्त उड्या मारत जातात याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं पाणी शेवटी युकावा नदीत जातं. ही नदी पुढे ज्या आगात्सुमा नदीला मिळते, तिला पूर्वी मृत नदी म्हणत. तिच्यात मासे नव्हते, तिचं पाणी शेतीला चालत नव्हतं, पुलांचं लोखंड आणि काँक्रीट ती खात होती. १९६४ साली कुसात्सुत एक कारखाना सुरू झाला. त्याचं काम एकच, नदीला चुना पाजणं. चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून तिचं दुधासारखं द्रावण नदीत सोडायचं. दिवसाला पन्नास-साठ टन चुनखडी, रात्रंदिवस, वर्षाचे ३६५ दिवस. गावाच्या कडेने नदीकाठी उतरलं की पाइपातून पडणारी ती पांढरी धार दिसते आणि काही पावलांतच नितळ नदी दुधाळ होते. चुनखडीची आणि सल्फ्युरिक आम्लाची गाठ पडली की जिप्सम तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. आपल्याकडे शाळेत चुन्याच्या निवळीचे प्रयोग करतात, तसाच हा प्रयोग. फक्त परीक्षानळीच्या जागी अख्खी नदी आहे आणि तो साठ वर्षं थांबलेला नाही. तयार होणारा गाळ खालच्या शिनाकी धरणात अडवतात. खाली मासे परतले. हा कारखाना काही दिवस जरी बंद ठेवला, तरी नदी पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जाईल.

आता वर चढायचं. कुसात्सुतून योशिगादाइराकडे जाणारी वाट ही शिन्शूकडून, म्हणजे आजच्या नागानो प्रांताकडून, डोंगर ओलांडून येणारी जुनी वाट. यात्रेकरू आणि व्यापारी तिच्यावरून ये-जा करत. आज तिच्यावर फारशी वर्दळ नसते, कारण बहुतेक लोक घाटरस्त्याने गाडीतून वर जातात. गुडघ्याएवढ्या ठेंगण्या बांबूतून आणि भूर्जाच्या जातीच्या झाडांमधून वाट चढते. अस्वलांचा प्रदेश असल्याने स्थानिक लोक पिशवीला घंटी लावूनच निघतात. वाटेत दूरवर जोफु धबधबा दिसतो. पाणी पांढरंच आहे, पण ज्या कड्यावरून ते पडतं तो गंजून लालसर-तपकिरी झालेला. पुढे जे बघायचंय, त्याची पहिली खूण ही. पाण्यात लोह आहे, आणि ते कुठेतरी बाहेर पडू लागलंय.

योशिगादाइरा म्हणजे साधारण १,८०० मीटरवरची दलदलीची पठारं आणि लहानमोठी तळी. जून-जुलैत कापूसगवताचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डोलतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळं लाल-पिवळं होतं. २०१५ साली या पाणथळीला महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली वाकलं तर कीटक खाणारी दवबिंदूची रोपटी दिसतात. कासच्या पठारावर पावसाळ्यात आपण त्यांची भावंडं बघतो. माती इतकी निकस की नत्रासाठी झाडाने माशी पकडावी, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

तळ्याकाठच्या फांद्यांवर जूनच्या सुमाराला पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. ही मोरिआओगाएरू या हिरव्या झाडबेडकाची अंडी. फेसात अंडी उबतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. आंबोलीत पावसात रात्री फिरलेल्यांनी मलबारच्या उडत्या बेडकाची अशीच फेसाची घरटी पाहिली असतील. दोघं एकाच कुळातले. इतक्या दूर, ज्वालामुखीच्या कुशीत आंबोलीची आठवण व्हावी याचं कारण केवळ दिसण्यातलं साम्य नाही. ते खरंच नातं आहे.

योशिगादाइराहून दुसरी वाट पाणथळी आणि तळी ओलांडत उतरते ती चात्सुबोमिगोके उद्यानात. चढ नको असेल तर कुसात्सुतून गाडीने थेट उद्यानाच्या दाराशी जाता येतं. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. हिवाळ्यात बर्फामुळे ते बंद असतं. आत गेल्यावर एक खोलगट जागा लागते, नाव ‘आनाजिगोकु’, म्हणजे खड्ड्यातला नरक. नावाशी काडीचाही संबंध नसलेलं दृश्य. ओढ्यातला एकूण एक दगड मखमलीसारख्या हिरव्या शेवाळाने झाकलेला, इतका गर्द की श्रावणात माथेरानच्या कड्यांवरची हिरवाई आठवते. मधून नितळ, कोमट पाणी खळाळतं. त्याचा सामू ३ च्या खाली.

हेच चात्सुबोमिगोके. चा म्हणजे चहा, त्सुबोमि म्हणजे कळी, कोके म्हणजे शेवाळ. चहाच्या रंगाच्या कळ्यांचं शेवाळ. शाळेच्या पुस्तकात ब्रायोफायटा वाचताना मर्केंशिया आणि रिक्सिया ही नावं पाठ केलेली असतील. हे त्याच गटातल्या, लिव्हरवर्ट म्हणतात त्या शाखेतलं. आम्ल सहन करण्यात त्याच्या तोडीची शेवाळं जगात फार थोडी. इतर वनस्पतींना मारणारं पाणी त्याच्या पथ्यावर पडतं, कारण इथे जागेसाठी भांडायला दुसरं कुणी येतच नाही.

आता लोखंडाकडे. जमिनीखालून येणाऱ्या या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, पण ते दिसत नाही. प्राणवायू न मिळालेलं लोह, म्हणजे फेरस लोह, पाण्याला रंग देत नाही. साध्या पाण्यात असं लोह हवेत आलं की लवकरच गंजतं आणि तळाशी बसतं. विहिरीचं पाणी कळशीत ठेवलं की काही गावांत तासाभरात तांबूस साका दिसतो, तो हाच. पण आम्लात हे गंजणं जवळपास थांबतं. नुसत्या हवेच्या भरवशावर राहिलं तर वर्षं लागतील आणि तोवर पाणी डोंगर उतरून गेलेलं असेल.

मग हे काम कोण करतं? जिवाणू. काही जिवाणू फेरस लोहाचं फेरिक लोह करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. आपण भाकरी खाऊन ती श्वासातल्या प्राणवायूने जाळतो, ते लोह जाळतात. एवढ्याशा ऊर्जेवर पोट भरायचं म्हणजे भरपूर लोह जाळावं लागतं. त्यांच्यामुळे आम्लातलं गंजणं लाखो पटींनी वेगवान होतं. फेरिक लोह पाण्यात टिकत नाही. सल्फेटला धरून ते पिवळ्या-तपकिरी कणांच्या रूपात बाहेर पडतं. ते कण बसायला जागा हवी, ती शेवाळ देतं. शेवाळाच्या दाट पानांमध्ये पाणी रेंगाळतं, कण अडकतात, खालचा भाग लोहात गाडला जातो आणि शेंडा वर वाढत राहतो. वर हिरवं, खाली पिवळं आणि त्याखाली कठीण तपकिरी दगड. तो दगड म्हणजे लोहखनिज.

हजारो वर्षं हे चालत आलं आणि थराखाली थर साचले. १९४४ च्या सुमाराला, महायुद्धात लोखंडाची टंचाई असताना, इथे गुन्मा लोहखाण सुरू झाली. खनिज तारेवरच्या पाळण्यांतून दरीपलीकडे ओशी स्थानकापर्यंत जायचं आणि तिथून रेल्वेने पुढे. जानेवारी १९४५ मध्ये नागानोहारापर्यंत रूळ टाकले गेले ते या खनिजासाठी. आज कुसात्सुला जाणारे पर्यटक ज्या आगात्सुमा मार्गाच्या गाडीने येतात, तिचा जन्म असा शेवाळाच्या लोखंडातून झाला. १९६० च्या दशकात खाण बंद पडली. ओशीला खनिज साठवायच्या काँक्रीटच्या टाक्यांचे अवशेष अजून उभे आहेत. आणि उद्यानाची ती खोलगट जागा? खाणीने खोदून ठेवलेल्या परिसराचाच ती भाग आहे. माणूस गेल्यावर शेवाळ तिथे पसरलं.

२०१७ साली या जागेला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तो नुसत्या सुंदर शेवाळाला नाही, तर जिवंत जीव खनिज बनवताना दिसतात अशी जागा म्हणून मिळाला. गोव्याच्या आणि रेडीच्या खाणींतलं लोखंड अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेलं. त्या काळी समुद्रात विरघळलेलं लोह खाली बसवण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा हात होता, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. तिथली रसायनं वेगळी, काळ वेगळा. तरी मांडवी नदीतून खनिजाने भरलेल्या बार्ज जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी आनाजिगोकुच्या काठावर पाच मिनिटं थांबावं. तिकडे जे घडून गेलं, तसलं काहीतरी इथे पायाशी घडतंय.

एक गोष्ट मनावर घेऊनच निघावं. हा डोंगर झोपलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये मोतोशिराने भागात कसलीही पूर्वसूचना न देता स्फोट झाला आणि त्यात एक जण दगावला. जपानचं हवामान खातं ज्वालामुखीसाठी १ ते ५ अशी इशारा पातळी जाहीर करतं. ती त्या दिवशी सकाळी बघितल्याशिवाय वर जाऊ नये, आणि दोरी बांधून बंद केलेल्या वाटेवर पाऊल टाकू नये. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साठतो. सडक्या अंड्याचा वास अचानक येईनासा झाला तर सुटलो असं समजू नये, कारण वायू वाढला की नाकच बधिर होतं. लगेच वरच्या मोकळ्या जागेकडे चालू लागावं.

खाणीच्या काळात निघालेल्या खनिजात कधी कधी पानं सापडत, शिरांसकट लोखंडात उमटलेली. शरद ऋतूत आनाजिगोकुच्या कठड्यापाशी उभं राहून पाण्याच्या कडेला बघावं. वरच्या झाडाचं पान पडून शेवाळाला अडकलेलं असतं, आणि त्याच्या एका कडेवर गंजाची पिवळी साय धरू लागलेली असते.